फाइल मुंबईला गेलीय

लहानपणी मला वाटायचं की मुंबईत कुठंतरी एक भलीमोठी खोली असणार आणि त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फक्त आमच्या नागपूरच्या फायली रचून ठेवलेल्या असणार. कारण घरी काहीही विचारलं की बाबांचं उत्तर एकच, "फाइल मुंबईले गेली आहे." शेजारच्या काकांची बदली काऊन होत नाही? फाइल मुंबईले गेली आहे. शाळेमागचा नाला कधी बांधणार? मुंबईले. एकदा घरचा मिक्सर दुरुस्तीला टाकला होता, पंधरा दिवस झाले तरी आला नाही, तेव्हा आईच वैतागून म्हणाली, "तोही मुंबईलेच गेला वाटते." बाबा सरकारी कारकून होते. कोणत्या खात्यात ते लिहू नको असं त्यांनी फोनवर बजावून सांगितलंय, रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तरी, म्हणजे बघा.

मी आता पुण्यात राहते. इथं ऑफिसात डबा खाताना विदर्भाचा विषय निघाला की एक ठरलेला सीन होतो, कोणीतरी म्हणतं, "अगं पण तुमचे मुख्यमंत्री झाले, दिल्लीत गडकरी आहेत, अजून काय रडगाणं?" आणि मग मी तावातावानं करार, अनुशेष, गोसीखुर्दचं धरण असं सगळं सुरू करते आणि समोरचा शांतपणे डब्याचं झाकण लावून उठतो. पूर्वी राग यायचा. हल्ली घरी जाताना बसमध्ये तोच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहतो, की खरंच, माणसं आपली, मतं आपली, मग गाडीचं स्टिअरिंग आहे तरी कोणाच्या हातात?

तर अधिवेशन. नागपुरातल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, हिवाळी अधिवेशन म्हणजे आमच्यासाठी दिवाळीनंतरची दुसरी दिवाळी होती. दिवाळी संपली न संपली की सिव्हिल लाइन्सकडं रंगाचे डबे निघायचे. रविभवन, नागभवन, आमदार निवास, सगळीकडं चुना, पडदे, गिझर, गाद्या. रस्त्यावरचे खड्डे, जे वर्षभर आपापल्या जागी सुखानं नांदत असायचे, ते आठवड्याभरात बुजायचे, पण फक्त विमानतळ ते विधानभवन या रस्त्यावरचे, आमच्या गल्लीत डांबराचा वाससुद्धा नाही. मग मुंबईहून गाड्या भरभरून माणसं यायची, कपाटं यायची, खोकी यायची, आणि मी बाबांना विचारायची की आता फायली परत आल्या का? बाबा म्हणायचे, "फायली फिरायले येऊन राहिल्या, पोरी. जातीन परत." दोन आठवडे, कधी त्याहूनही कमी. आमदार सकाळी तर्री-पोहे खायचे, रात्री सावजी, आणि शनिवार-रविवारी कोणाच्या तरी शेतावर हुरडा. नागपुरात त्याला हुरडा अधिवेशन म्हणतात ते काही उगाच नाही.

हे अधिवेशन आमच्याकडं का होतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शाळेत संयुक्त महाराष्ट्राचा धडा होता, १०६ हुतात्मे होते (आणि असायलाच हवेत), पण २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काही कोणी नीट शिकवला नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हो, मध्य प्रदेशाची, पुण्यातल्या निम्म्या लोकांना हे खरंच वाटत नाही. मराठी माणसांचं एकच राज्य व्हावं म्हणून इकडचे आणि तिकडचे काँग्रेस पुढारी बसले, सह्या झाल्या, त्यात यशवंतराव चव्हाण होते, भाऊसाहेब हिरे होते, आमच्याकडचे रा. कृ. पाटील, रामराव देशमुख होते. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, शिक्षणात जागा, नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ, आणि सरकार दरवर्षी ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपुरात मुक्कामाला येईल, किमान एक अधिवेशन तरी इथं होईल. सरकार येईल असं लिहिलंय, आमदार येतील असं नाही. लग्नात ठरलं होतं की जावई चार महिने सासरी राहील, आणि तो दरवर्षी दिवाळसणाला येऊन पाट-रांगोळी करून घेऊन जातो, असला प्रकार.

बरं, त्या वेळी सगळ्यांना ते पटलं होतं असंही नाही. १९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा असंच सुचवलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी महाराष्ट्राचे चार भाग करा म्हटलं होतं. पण दिल्लीनं १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य केलं, त्यात विदर्भ गेला, नागपूरची राजधानी गेली, सचिवालयातले बाबू भोपाळ आणि मुंबईत वाटले गेले. माझ्या आजोबांच्या पिढीला ही जखम अशी होती की विचारू नका, ते शेवटपर्यंत 'आमची असेंब्ली' म्हणायचे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपूरचं पहिलं अधिवेशन भरलं.

मग बघा, लोकांनी मतपेटीतून सांगितलंच नाही असं नाही. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर अपक्ष म्हणून नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. १९७१ ला जांबुवंतराव धोटे. भाऊ म्हणजे आमच्या बाबांचा हिरो. दाढी, झब्बा, आवाज असा की माइक नको. त्यांनी १९६४ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावलं होतं, ही गोष्ट बाबा आजही अशी सांगतात जणू ते प्रेक्षक गॅलरीत बसले होते (ते तेव्हा शाळेत होते). अख्खा विदर्भ या माणसाच्या मागं रस्त्यावर उतरला होता. आणि १९८० मध्ये तेच भाऊ इंदिराजींच्या काँग्रेसकडून नागपुरातून पुन्हा दिल्लीला गेले. बाबा इथं आले की गोष्ट थांबवतात आणि चहा मागतात.

मला वाटतं आमच्या गोष्टीतलं खरं प्रकरण त्या चहाच्या कपात आहे, पण त्याआधी आकड्यांचं सांगते, कारण आकड्यांशिवाय पुण्यात कोणी ऐकत नाही.

१९८३-८४ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. कोणत्या जिल्ह्यात राज्याच्या सरासरीपेक्षा किती रस्ते कमी, किती सिंचन कमी, किती विहिरी, किती शाळा, सगळं मोजून त्यांनी एक आकडा काढला, ३,१८७ कोटी रुपयांच्या आसपास. त्यातला सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा. या आकड्याला नाव पडलं अनुशेष, इंग्रजी शब्द बॅकलॉग, जो आम्ही पोरं कॉलेजात नापास विषयासाठी वापरायचो, आणि खरं तर भावना तीच. नंतर १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष १४ हजार कोटींवर गेलेला. म्हणजे दहा वर्षांत भरायचा सोडून चौपट झाला. पुढं २०१३ मध्ये विजय केळकर समितीनं अहवाल दिला, तो विधिमंडळात ठेवायला २०१४ चा डिसेंबर उजाडला.

आता यातला गमतीचा भाग ऐका. घटनेत ३७१ (२) नावाचं कलम आहे, १९५६ चं. त्यात म्हटलंय की विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं करता येतील आणि निधीचं न्याय्य वाटप बघायची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल. १९५६ चं कलम, मंडळं आली १९९४ ला. अडतीस वर्षं. आणि आली तेव्हा आम्ही सगळे खूश, बाबांनी पेढे आणले होते, कारण आता राज्यपाल बघतील, मुंबईवाल्यांना चाप बसेल. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की आपण नेमकं काय मागून घेतोय. आपण मतं देऊन आमदार निवडले, आमदारांनी मंत्री केले, आणि त्या मंत्र्यांवर आपला इतका भरवसा की त्यांच्यावर लक्ष ठेवायला आपण दिल्लीनं नेमलेला, कोणी न निवडलेला एक माणूस मागितला आणि तो मिळाल्यावर पेढे वाटले. ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदत संपली, कोरोनाच्या गडबडीत. पुढं वर्षानुवर्षं ती मुदतवाढीची फाइल इकडून तिकडं फिरत राहिली. कुठं फिरत राहिली ते तुम्ही ओळखलंच असेल.

विधानसभेचं गणितही सरळ आहे. २८८ जागा, विदर्भाच्या ६२. बहुमताला १४५ लागतात. मराठवाड्याच्या ४६ घेतल्या तरी १०८ होतात. म्हणजे आम्ही दोघं मागासलेले भाऊ हातात हात घालून उभे राहिलो तरी सरकार होत नाही. यावर पुण्यातला मित्र म्हणाला, "मग हीच तर लोकशाही, जास्त डोकी जास्त हात." बरोबर आहे त्याचं. पण मग करार कशाला केला होता? करार करतात तोच मुळी डोकी मोजून जे मिळणार नाही त्यासाठी. आणि वीज? चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, कोळसा आमचा, राख आमच्या छातीत, चंद्रपूरचं एकट्याचं केंद्र २,९२० मेगावॅटचं, आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आत्याच्या गावात बारा-बारा तास अंधार. त्यावर कडी म्हणजे २०१८ मध्ये एकदा पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं, ६ जुलैला धो धो पाऊस झाला, विधानभवनाच्या वीज यंत्रणेत पाणी शिरलं आणि वीजच गेली. कामकाज बंद. मला तेव्हा इतकं हसू आलं होतं की ऑफिसात लोक बघायला लागले.

हे सगळं मी वर्षानुवर्षं पाठ म्हणत आले. आणि मग २०१४ झालं.

२०१४ मध्ये विदर्भानं ६२ पैकी ४४ आमदार एकट्या भाजपचे निवडून दिले. मुख्यमंत्री नागपूरचा. अर्थमंत्री चंद्रपूर जिल्ह्यातला. ऊर्जामंत्री कामठीचा. दिल्लीत रस्त्यांचं खातं नागपूरकडं. यांच्या पक्षानं १९९७ मध्येच भुवनेश्वरला लहान राज्यांचा, म्हणजे विदर्भाचासुद्धा, ठराव केलेला. बाबांनी त्या दिवशी मला फोन केला, म्हणाले, "आता काऊन नाही होणार?" खजिना, वीज, खुर्ची सगळं आपल्याकडं. मी पण हुरळले होते, लपवत नाही. रस्ते झाले, एम्स आलं, मेट्रो आली, पैसाही पूर्वीपेक्षा जास्त आला असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण वेगळ्या राज्याचं काय? दीड वर्षानं, मार्च २०१६ मध्ये, राज्याच्या महाधिवक्त्यांनाच, श्रीहरी अणेंना, बापूजींच्या नातवाला, आधी वेगळ्या विदर्भाबद्दल आणि मग वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलल्याच्या वादात राजीनामा द्यावा लागला. मुख्यमंत्री नागपूरचाच होता. सरकार मात्र मित्रपक्षाच्या टेकूवर उभं होतं, मुंबईच्या महापालिकेची निवडणूक समोर होती, आणि शेवटचा शब्द दिल्लीचा होता. म्हणजे खुर्चीत आपला माणूस बसला तरी खुर्ची ज्या चार पायांवर उभी आहे ते पाय भलतीकडंच रोवलेले असतात.

आणि हे काही नवीनही नव्हतं, आम्हीच विसरलो होतो. वसंतराव नाईक पुसदचे, १९६३ ते १९७५, सलग अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. त्यांच्याआधी कन्नमवार चंद्रपूरचे. पुढं सुधाकरराव नाईक. दांडेकर समितीनं जो अनुशेष मोजला त्यातली जवळपास निम्मी वर्षं तर आमचाच माणूस वर्षा बंगल्यात होता! आजोबांच्या वेळचे लोक म्हणायचे की साखरवाल्यांनी विदर्भाचा माणूस एवढ्याचसाठी खपवून घेतला की त्याच्या मागं कारखान्यांची फौज नव्हती. असेल, नसेल. पण साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षण संस्था, दूध संघ ही साखळी ज्याच्या हातात तो मंत्रिमंडळात नसला तरी मंत्रिमंडळ त्याच्या घरी चहाला जातं, हे कळायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्याकडं कापूस होता. कापसाचं तसं साम्राज्य उभंच राहिलं नाही.

आमच्याकडं काय उभं राहिलं ते गोसीखुर्दला जाऊन बघावं. मी कॉलेजात असताना पवनीला मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, तिथून पाहिलं होतं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, किंमत ३७२ कोटी. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजणार. २००९ च्या सुमारास तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, म्हणजे पैसा मुंबईचा नाही म्हणून रखडला हे कारणही संपलं. किंमत १८ हजार कोटींच्या पुढं गेली. माझ्या मैत्रिणीचं लग्न होऊन तिची पोरगी बारावीला आली, तरी तिच्या सासरच्या शेतापर्यंत कालव्याचं पाणी पोचलेलं नाही. मधल्या काळात, २००९ मध्ये, अवघ्या काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांच्या किमती मिळून सुमारे २० हजार कोटींनी वाढवून दिल्या गेल्याचं पेपरांतून गाजलं. राज्याच्याच आर्थिक पाहणीत दिसलं की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्क्यानं वाढलं. आणि त्या टेंडरांचे कंत्राटदार कोण, तर सगळ्या पक्षांच्या आसपासचे, इकडचेही आणि तिकडचेही. तिथं मात्र विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असा भेदभाव अजिबात झाला नाही, राष्ट्रीय एकात्मता अगदी.

मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की आपण ज्याला 'मुंबई' म्हणतो ते मुंबईत नसावंच.

खात्री पटली ती बाबांच्या पेन्शनच्या वेळी. रिटायर झाल्यावर त्यांची वेतननिश्चिती कुठंतरी अडकली, पेन्शन तात्पुरती मिळायची, पूर्ण नाही. बाबा दर सोमवारी एका ऑफिसात जायचे. ज्या माणसानं जन्मभर लोकांना जे सांगितलं तेच आता त्यांना काउंटरपलीकडून ऐकायला मिळायचं, "साहेब, फाइल मुंबईले गेली आहे." चौदा महिने. मी पुण्याहून सुट्टी काढून एकदा त्यांच्यासोबत गेले, जरा मोठ्या आवाजात बोलले, इंग्रजीत पण बोलले, लाज वाटते पण बोलले. काही नाही. मग एक दिवस तिथल्या जुन्या शिपायानं, जो बाबांना ओळखत होता, दुपारच्या वेळी बाबांना हळूच वरच्या मजल्यावर नेलं. कपाट उघडलं. फाइल तिथंच. मुंबईला कधी गेलीच नव्हती, त्याच इमारतीत, एक जिना वर, एका टिपणीवर सही व्हायची म्हणून पडलेली. सही करणारा माणूस आमच्याच भागातला, आमच्याच बोलीत बोलणारा, कदाचित वेगळ्या विदर्भाच्या मोर्च्यातही गेला असेल.

बाबांना राग आला नाही. हेच मला सहन झालं नाही. ते घरी येऊन म्हणाले, "आम्ही पण तेच करत होतो." कोणाला नाही म्हणायचं नसलं, किंवा हो म्हणायला अजून वेळ असला, किंवा समोरचा हात खिशात घालतो का ते बघायचं असलं, की मुंबई म्हणायचं. मुंबईबद्दल लोकांना राग आहे, त्यामुळं पटतं पण पटकन. तो राग आपल्या कामी येतो. माणूस काउंटरवर भांडत नाही, उलट आपल्यासोबत दोन शिव्या मुंबईला घालतो आणि पुढल्या सोमवारी येतो. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात तीस वर्षं ज्या मुंबईला शिव्या पडल्या तिच्यातली थोडीशी मुंबई आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून वरण-भात खात होती.

अनुशेष खोटा आहे असं मला म्हणायचं नाही हां, कोणी हे वाक्य उचलून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. आकडे खरे आहेत, कोरड्या विहिरी खऱ्या आहेत, २००६ मध्ये पंतप्रधान स्वतः येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले ते काही मजा म्हणून नाही. फक्त त्या अन्यायाच्या आडोशाला कोण कोण उभं राहून सावली खातंय ते आम्ही बघितलंच नाही. माझी आत्या वाशीमकडची. तिच्याकडं जाऊन मी नागपूरवर अन्याय सुरू केलं की ती पदर खोचत म्हणते, "तुमचं नागपूर म्हणजेच आमची मुंबई व बाई." एम्स नागपुरात, आयआयएम नागपुरात, मेट्रो नागपुरात, आणि सिंचनाचा उरलेला अनुशेष अमरावती विभागात. मुंबईला विचारा तर ती म्हणते आम्ही एवढा कर भरतो आणि दिल्ली आम्हाला चिल्लर परत देते. आणि दिल्लीत? माझा एक चुलतभाऊ दिल्लीत असतो, तो म्हणतो तिथली मंडळी टॅक्सीत बसल्या बसल्या विचारतात, "आप नागपुर से? फिर तो सरकार आप ही की है, सब तो वहीं से चलता है." महालातल्या संघाच्या मुख्यालयाबद्दल बोलत असतात ते. म्हणजे देशाला वाटतं सरकार नागपुरातून चालतं, नागपूरला वाटतं मुंबईतून, मुंबईला वाटतं दिल्लीतून. गोल फिरून फाइल पुन्हा आमच्याच गावी, आणि आमच्या गल्लीतला नाला तसाच उघडा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, गावागावातून, बायका-पोरं घेऊन, आदिवासी म्हणून मान्यता द्या एवढंच मागायला. झिरो माइलच्या जवळ अडवला. कोणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल म्हणून दिवसभर बसून राहिले. अंधार पडताना लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. करार करून, भांडून, आम्ही सरकारला वर्षातून एकदा आमच्या दारात आणलं होतं, आणि त्या सरकारला दार उघडून शंभर-दोनशे पावलं चालत येणं जमलं नाही. तिथं आता स्मारक आहे. पुढं २०१८ मध्ये हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. चौऱ्याण्णवच्या त्या दिवशी बाबा ड्यूटीवर होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

मागच्या वर्षी एका कामानिमित्त गडचिरोलीला जाणं झालं, तेव्हा वाट वाकडी करून मेंढा-लेखाला गेले. धानोरा तालुक्यातलं लहानसं गोंड गाव, वर्षानुवर्षं ग्रामसभा सर्वसहमतीनं चालवणारं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी एक. पण बांबू विकायचा परवाना वनखातं देईना, हक्क तुमचा पण वाहतुकीचा पास आमच्याकडं. तोच प्रकार, जंगल मिळालं आणि फाइल अडकली. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले तेव्हा पासबुक गावाच्या हातात पडलं. म्हणजे तिथंही दिल्लीहून माणूस यावा लागलाच, हे मी नोंदवून ठेवते, उगाच रोमँटिक व्हायला नको. पण त्यांची जी घोषणा आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ती मी तिथं उभी राहून पहिल्यांदा नीट ऐकली. पाठ होती, सगळ्यांनाच पाठ असते. तेव्हा लक्षात आलं की त्यात नागपूर नाहीच. आजोबांची राजधानी, बाबांचं अधिवेशन, माझी पुण्यातली भांडणं, ती घोषणा या सगळ्याला वळसा घालून पुढं निघून गेली होती. जरा झोंबलंच.

या डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी मी नागपुरात होते. बाबा हल्ली अधिवेशनात रोज सकाळी स्वेटर घालून यशवंत स्टेडियमकडं जातात, तिथं धरणं, उपोषणं यांचे मंडप पडतात. काय करतात तर निवेदनं लिहून देतात. फुकट. अक्षर चांगलं, आणि सरकारी भाषा पोटात मुरलेली, 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर' वगैरे. आई म्हणते हे पापक्षालन आहे, बाबा म्हणतात टाइमपास आहे. मी एक दिवस सोबत गेले. चहाच्या टपरीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, मांडीवर पॅड, समोर लाइन. कोणाचं मानधन थकलेलं, कोणाची शाळा वीस वर्षं विनाअनुदानित, कोणाच्या शेतातून कालवा गेला पण पैसे नाही.

दुपारी एक बाई आली, पन्नाशीची, एटापल्लीकडची, सोबत दोघी. गावाच्या नाल्यावर पूल पाहिजे होता, पावसाळ्यात दवाखान्यात जाता येत नाही. बाबांनी कोरा कागद लावला, वर डाव्या बाजूला 'प्रति,' लिहिलं आणि सवयीनं विचारलं, "कोणाले लिहू? मुख्यमंत्री लिहू, का पालकमंत्री, का कलेक्टर? जिल्हा परिषद?"

ती बाई म्हणाली, "ज्याच्या हातात आहे त्याले लिवा."

बाबांचा पेन तिथंच थांबला. मी बघत होते. मागं भोंग्यावर कोणाचं तरी भाषण चालू होतं, बॅरिकेडपाशी पोलीस पाणी पीत होते, आणि छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस 'प्रति'च्या स्वल्पविरामापुढच्या कोऱ्या जागेकडं बघत बसला होता. चांगला मिनिटभर. मग त्यांनी चार बोटं जागा मोकळी सोडली, खाली 'विषय' असं लिहून त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "ते मागून भरू. आधी पुलाचं सांगा, नाला किती रुंद आहे?"